कादंबरीचा रतीब आणि खाड्यांची नोंद

‘रतीब’ हा शब्द मुळात अरबी असून, ठरलेल्या मापाने व ठरलेल्या वेळी न चुकता होणारा पुरवठा असा त्याचा अर्थ आहे. मराठी घरांत तो आता मुख्यतः दुधापुरता उरला आहे, आणि ज्या दिवशी हा पुरवठा होत नाही त्या दिवसाला ‘खाडा’ म्हणतात. दूधवाला, पेपरवाला आणि कामवाली बाई यांच्या हिशेबात पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या या दोन संज्ञा साहित्यशास्त्राने अद्याप दत्तक घेतलेल्या नाहीत, ही त्या शास्त्राची उणीव म्हटली पाहिजे. दररोज थोडेथोडे लिहून वर्षअखेरीस कादंबरी हातावेगळी करण्याचा जो उपक्रम मराठी मध्यमवर्गातील अनेक घरांतून गुपचूप चालू असतो, त्याचे स्वरूप रस, ध्वनी किंवा वक्रोक्ती यांपैकी कोणत्याही सिद्धान्ताने उलगडत नाही. रतीब आणि खाडा या दोन शब्दांनी मात्र ते बहुतांशी उलगडते.

प्रस्तुत विवेचनात अशा उपक्रमात गुंतलेल्या व्यक्तीला ‘कादंबरीच्छू’ म्हटले आहे. मोक्षाची इच्छा धरतो तो मुमुक्षू, त्याच धर्तीवर कादंबरीची इच्छा धरतो तो कादंबरीच्छू. दोघांनाही पहाटे उठावे लागते, दोघांनाही इष्टप्राप्ती याच जन्मात होईल अशी हमी कोणी देत नाही, आणि दोघांविषयीही घरच्या मंडळींचे मत फारसे चांगले नसते. कादंबरीच्छू आणि कादंबरीकार यांची गल्लत मात्र होऊ देऊ नये. कादंबरीकाराजवळ कादंबरी असते. कादंबरीच्छूजवळ पहिले प्रकरण असते, आणि त्या प्रकरणात बहुधा पाऊस पडत असतो.

त्या पावसातून बाहेर पडणे इतके जड का जाते, याचे एक कारण या वाङ्मयप्रकाराच्या नावातच दडले आहे. इंग्रजीतील नाव नावीन्याशी नाते सांगते. मराठीने, आणि कन्नडनेही, आपले नाव सातव्या शतकातील बाणभट्टाच्या संस्कृत गद्यकथेवरून उचलले. हर्षवर्धनाच्या पदरी असलेल्या या पंडिताने ‘कादंबरी’ लिहावयास घेतली, लांबच लांब समासांनी ती सजवली, आणि ती अर्धवट टाकून तो परलोकवासी झाला. उरलेला भाग त्याच्या मुलाने, भूषणभट्टाने, पुरा केला. म्हणजे ज्या ग्रंथावरून मराठीत साऱ्या कादंबऱ्यांना कादंबरी म्हणावयाचे ठरले, तो ग्रंथ मूळ लेखकाच्या हातून संपलेलाच नव्हता. नावाची ही पूर्वपीठिका ध्यानात घेता १८५७ मध्ये बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ शेवटच्या पानापर्यंत सुखरूप पोचली, याचेच कौतुक वाटावे. बाणभट्टाच्या उदाहरणातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष, म्हणजे कादंबरीला हात घालण्यापूर्वी आज्ञाधारक मुलगा असावा हा, आजच्या काळात फारसा उपयोगी नाही. कारण आजचा मुलगा वडिलांचे अर्धे हस्तलिखित पाहून उरलेले अर्धे लिहावयास बसत नाही, आहे तेवढे रद्दीत घालायचे की माळ्यावर ठेवायचे इतकेच विचारतो.

दररोज काही लिहीत जावे, हा उपदेश महाराष्ट्राला नवा नाही. समर्थ रामदासांच्या नावावर तो शाळेच्या फळ्यापासून ऐकविला जातो. परंतु लेखनाविषयी समर्थांनी केलेले तपशीलवार विवेचन दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्या समासात, म्हणजे लेखनक्रियेच्या निरूपणात आहे, आणि तेथे अक्षर कसे घोटावे, ओळी सारख्या कशा राखाव्यात, मजकुराच्या भोवती मोकळी जागा कशी सोडावी, नाना देशींचे बोरू कसे आणावेत, याचा ऊहापोह केलेला आहे. काय लिहावे हा प्रश्न तेथे येत नाही, कारण समर्थांना तो पडण्याचे कारण नव्हते. कादंबरीच्छू हा या एका समासाचा एकनिष्ठ अनुयायी असतो. तो पुण्याचा असेल तर अप्पा बळवंत चौकात जाऊन जाड पुठ्ठ्याची दोनशे पानी आखीव वही आणतो. घरी आल्यावर आखीव कागदावर प्रतिभा कोंडली जाते असे त्याच्या ध्यानात येते, आणि कोऱ्या कागदाची वही आणण्यासाठी तो पुन्हा त्याच चौकात जातो. मग शाईपेन येते, पेनाला साजेशी शाई येते, शाई कागदाच्या मागल्या बाजूस उमटते म्हणून तिसरी वही येते. संगणकावर लिहू म्हणणाऱ्याची कथा याहून वेगळी नाही: मराठी टंकनासाठी इन्स्क्रिप्ट कळफलक शिकून घ्यावा की रोमन अक्षरे बडवून देवनागरी उमटवावी, या प्रश्नावर त्याचे दोन आठवडे जातात, आणि अखेर एखाद्या जुन्या फाँटमध्ये टंकलेले पहिले प्रकरण दुसऱ्या संगणकावर उघडले की त्यातील पावसाच्या जागी रोमन अक्षरे, टिंबे आणि कंस यांची रिमझिम दिसते. या सगळ्या टप्प्याला ‘तयारी’ असे म्हणतात, आणि नोंद घेण्याजोगी गोष्ट अशी की तयारीच्या टप्प्यात एकही खाडा पडत नाही.

खाडे सुरू होतात ते वेळ ठरविल्यानंतर. परंपरेने यासाठी ब्राह्ममुहूर्त सांगितला आहे. अहोरात्राचे तीस मुहूर्त कल्पून प्रत्येक मुहूर्त ४८ मिनिटांचा धरला, तर रात्रीचा शेवटून दुसरा मुहूर्त तो ब्राह्ममुहूर्त. म्हणजे सूर्योदयाच्या एक तास छत्तीस मिनिटे आधी तो लागतो आणि सूर्योदयास ४८ मिनिटे उरली असता संपतो. चित्त त्या वेळी निर्मळ असते असे शास्त्रकारांचे म्हणणे आहे आणि ते खरेही असावे; मात्र शास्त्रकारांच्या काळी नगरपालिकेचे नळ नव्हते. अनेक गावांत निर्मळ चित्त आणि पिण्याचे पाणी एकाच वेळी येते व दोन्ही पाऊण तासात जाते, आणि घरात कळशा, पिंपे व बादल्या यांची रांग लागलेली असताना नायकाच्या मनातील एकाकीपणाचे वर्णन करीत बसणारा मनुष्य कितीही प्रतिभावान असला तरी फार वेळ एकाकी राहू दिला जात नाही.

या बाबतीत ज्याचे उदाहरण वारंवार दिले जाते तो अँथनी ट्रॉलप हा एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कादंबरीकार पेशाने टपाल खात्याचा अधिकारी होता. इंग्लिश खाडीतील चॅनल बेटांवर १८५२ मध्ये रस्त्याकडेच्या टपालपेट्या बसविण्याची शिफारस त्याचीच, आणि ४७ कादंबऱ्या लिहिणारा तोही तोच. त्याची रीत अशी होती: पहाटे साडेपाचला मेजाशी बसावयाचे, पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचा मजकूर वाचावयाचा, मग समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांस २५० शब्द या वेगाने लिहावयाचे, आणि न्याहारीसाठी कपडे करण्याची वेळ झाली की लेखणी ठेवावयाची. तीन तासांच्या बैठकीतील उरलेल्या अडीच तासांचा हिशेब केला तर रोजचे २,५०० शब्द होतात. म्हणजे प्रस्तुत लेखाएवढा मजकूर हा गृहस्थ अंडी खाण्यापूर्वी उरकीत असे, ही गोष्ट प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने फारशी सुखावह नाही. तीन तास संपण्याआधी एखादी कादंबरी संपली, तर उरलेल्या वेळात तो दुसरी सुरू करी. रेल्वेच्या डब्यात तो मांडीवर फळी घेऊन शिसपेन्सिलीने लिही व त्याची पत्नी नंतर ते शाईने उतरवून काढी; खात्याच्या कामासाठी इजिप्तला जाताना बोट लागली असता तो मजकूर मेजावर तसाच टाकून आतल्या खोलीत ओकायला जाई आणि परत येऊन पुढचे वाक्य लिही. मुंबईच्या उपनगरी गाडीत चौथ्या सीटवर, म्हणजे तिघांच्या बाकावर उरलेल्या वीतभर जागेत, एका मांडीने टेकून मोबाइलवर प्रकरण लिहू पाहणाऱ्या कर्जत-कसाऱ्याच्या कादंबरीच्छूला ट्रॉलप हा आपला पूर्वज वाटतो तो उगाच नाही. फरक एवढाच की ट्रॉलपच्या खांद्यावरून शेजारचा प्रवासी वाचीत नसे, आणि वाचलेच तर नायिकेचे नाव बदलण्याची सूचना करीत नसे.

ट्रॉलपच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, त्यात हा सारा हिशेब त्याने स्वतःच मांडला होता, आणि चांभार जोड्यांचा एक जोड संपवून दुसरा घेतो तसेच हे काम आहे असेही त्याने सांगून टाकले होते. परिणामी समीक्षकांचे मन विटले व त्याची प्रतिष्ठा पुढे बराच काळ उतरलेली राहिली. कादंबरीच्छूंच्या वर्तुळात मात्र आत्मचरित्रातील घड्याळ आणि २५० शब्द एवढेच आकडे फिरत राहिले. त्याच पुस्तकातील आणखी एका आकड्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, आणि खरे मर्म त्यात आहे. घोड्यांची देखभाल करणाऱ्या एका वृद्ध नोकराला ट्रॉलप वर्षाला पाच पौंड जादा देत असे, आणि त्याच्याकडे काम एकच: पहाटे कॉफी घेऊन येणे व मालकाला उठविणे. हा म्हातारा एक दिवसही उशिरा आला नाही, आणि आपल्या यशाबद्दल इतर कोणाहीपेक्षा आपण त्याचेच अधिक ऋणी असू, अशा आशयाचे उद्गार ट्रॉलपने काढले आहेत. रतीब ट्रॉलपचा नव्हताच. रतीब त्या नोकराचा होता. ४७ कादंबऱ्यांच्या मुळाशी मनोनिग्रह शोधणाऱ्यांनी वार्षिक पाच पौंडांची ही नोंद वगळून चालणार नाही.

मनोनिग्रहाला पर्याय म्हणून व्हिक्टर ह्यूगोचा प्रयोगही सांगितला जातो. पॅरिसच्या नोत्रदाम चर्चवरील कादंबरी १८३० च्या शरद ऋतूत प्रकाशकाच्या तगाद्याखाली लिहावयास घेतली तेव्हा त्याने शाईची एक बाटली आणि अंगभर पुरेल असे करड्या लोकरीचे वस्त्र विकत आणले, बाहेर जाण्याचे कपडे कुलपात टाकले आणि लेखनास बसला, असे त्याच्या पत्नीने लिहून ठेवले आहे. महाराष्ट्रात हा उपाय चालत नाही. बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी या वेषात मराठी पुरुष वाण्याकडे, गिरणीत, दूधकेंद्रावर आणि वेळप्रसंगी बँकेच्या यंत्रापर्यंत जाऊन येतो. त्याला घरात अडकवू शकेल असा कुलपात टाकण्याजोगा कपडाच अस्तित्वात नाही.

आता शब्दसंख्येचा प्रश्न. १९९९ च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात क्रिस बाटी नावाच्या तरुणाने २१ जणांना जमवून एका महिन्यात कादंबरी लिहिण्याचा उपक्रम काढला. पुढल्या वर्षी तो नोव्हेंबरात नेला गेला, कारण तिकडे त्या महिन्यात हवा इतकी वाईट असते की घरात बसून लिहिण्याखेरीज गत्यंतर नसते. ‘नॅनोरायमो’ या नावाने तो जगभर पसरला, त्याची संस्था झाली, आणि २०२५ मध्ये त्या संस्थेने आपले काम बंद होत असल्याचे जाहीर केले. लक्ष्य ५०,००० शब्दांचे, दिवस ३०, म्हणून रोजचा रतीब १,६६७ शब्दांचा. मराठी कादंबरीच्छूने हे माप जसेच्या तसे उचलले, आणि येथेच त्याची फसगत झाली; कारण नोव्हेंबर हा महाराष्ट्रात वर्षातील सर्वांत सुखद हवेचा महिना आहे, त्यात कधी दिवाळीची शेपटी तर कधी तुळशीचे लग्न येते, आणि तुळशीचे लग्न लागले की माणसांची लागू लागतात. याहून गंभीर अडचण व्याकरणाची आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये, म्हणजे ‘समोर’, ‘वरून’, ‘मुळे’, ‘पर्यंत’ यांसारखे नामाला चिकटून येणारे अविकारी शब्द, नामाच्या अंगाला जोडून लिहिण्याचा नियम आहे. ‘घरासमोरच्या रस्त्यावरून’ हे मराठीत दोन शब्द झाले. एवढाच मजकूर सांगण्यास इंग्रजीला सात-आठ शब्द खर्चावे लागतात. म्हणजे इंग्रज कादंबरीकाराचा नायक घरासमोरच्या रस्त्यावरून नुसता गेला तरी जे माप भरते, ते भरण्यासाठी मराठी नायकाला वाटेत कोणीतरी भेटावे लागते.

या अन्यायावर कादंबरीच्छूने शोधून काढलेले उपाय भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी पाहण्याजोगे आहेत. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून त्याच्या हस्तलिखितात ‘घरा समोर’, ‘त्या मुळे’, ‘दारा पर्यंत’ अशी तोडलेली रूपे दिसू लागतात, आणि शुद्धलेखनाच्या ज्या चुकांबद्दल शाळेत गुण कापले जात, त्या चुकांबद्दल येथे दर चुकीस एक शब्द या दराने बक्षीस मिळते. त्यानंतर अभ्यस्त शब्दांची पाळी येते. एकच अक्षरसमूह दोनदा येऊन झालेल्या शब्दाला अभ्यस्त शब्द म्हणतात. ‘हळूहळू’ हा नियमाप्रमाणे एक शब्द, पण मधे किंचित जागा सोडली की दोन, आणि ‘हळू हळू हळू’ असे लिहून शैलीचा प्रयोग म्हणावे तर तीन. तिसऱ्या आठवड्यात पात्रे बोलू लागतात. आधी मितभाषी असलेला आजोबा ‘बरं बरं, बरं का, बरं’ असे म्हणू लागतो. नायिका प्रत्येक प्रश्न आधी स्वतः उच्चारून मग त्याचे उत्तर देते. आणि कोणी कोणाला हाक मारावयाची झाल्यास पूर्ण नाव, वडिलांचे नाव व आडनाव यांसह मारली जाते, त्यामुळे प्रेमप्रसंगास शिधापत्रिकेची कळा येते. हे सारे ज्याच्यासाठी चालले आहे तो मराठी प्रकाशक शब्द मोजतच नाही. तो फॉर्म मोजतो. फॉर्म म्हणजे छापखान्यात एका कागदावर एकत्र छापून घडी घालावयाची, सामान्यतः सोळा पृष्ठे. कादंबरी किती शब्दांची झाली असे अभिमानाने सांगणाऱ्यास तो ‘किती फॉर्म होतील?’ एवढेच विचारतो, आणि उत्तर ऐकून कागदाच्या भावाबद्दल बोलू लागतो.

कोणतीही सवय २१ दिवसांत जडते, हा समज कादंबरीच्छूला धीर देणारा असला तरी त्याचा उगम अगदी वेगळ्या ठिकाणी आहे. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात असे निरीक्षण नोंदविले होते की शस्त्रक्रियेने बदललेल्या चेहऱ्याची सवय होण्यास रुग्णाला किमान २१ दिवस लागतात. पुढे त्यातील ‘किमान’ गळाला, चेहरा गळाला, आणि उरलेले दिवस जगभर फिरू लागले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागतात, आणि व्यक्ती व सवय यांनुसार ही मुदत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत असू शकते, असे आढळले. त्या सवयीदेखील जेवणाबरोबर फळ खाणे, न्याहारीनंतर पाणी पिणे अशा होत्या. नायकाच्या आईचा मृत्यू तिसऱ्या प्रकरणात घडवावा की चौथ्यात, हा प्रश्न पाणी पिताना पडत नाही. याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष असा की मधे एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा अडथळा येत नाही. कादंबरीच्छू सरासरी विसरतो, कमाल मुदत विसरतो, आणि हे एवढे वाक्य मात्र जन्मभर जपून ठेवतो.

खाड्यांचे वर्गीकरण धर्मशास्त्रातील कर्मांच्या वर्गीकरणावरून करता येईल. तेथे रोज करावयाचे ते नित्य, निमित्ताने करावयाचे ते नैमित्तिक आणि फळाच्या इच्छेने करावयाचे ते काम्य, असे कर्माचे तीन प्रकार मानले असून, नित्यकर्माचे वैशिष्ट्य असे सांगतात की ते केल्याने विशेष पुण्य लागत नाही, न केल्याने मात्र पाप लागते. रोजच्या लेखनाचे याहून अचूक वर्णन सापडणे कठीण आहे. पाहुणे, लग्न, सुतक, मुलांच्या परीक्षा, मांडवातील ध्वनिवर्धक यांमुळे पडणारे खाडे नैमित्तिक होत, आणि त्यांबद्दल कोणी दोष देत नाही. क्रिकेटचा सामना पाहण्यासाठी घेतलेला खाडा काम्य. कोणतेही कारण नसताना, वही समोर उघडी असताना आणि घरात पूर्ण शांतता असताना पडतो तो नित्य खाडा, आणि संख्येने तोच सर्वांत मोठा असतो. या तिन्हींत न बसणारा, खास विद्वत्तेचा म्हणावा असा एक चौथा प्रकार आहे, त्याला कादंबरीच्छू ‘संदर्भ गोळा करणे’ म्हणतो. पेशवाईवरील कादंबरीत नायक रात्री पत्र लिहावयास बसतो. तेव्हा त्याच्याजवळ समई होती की मशाल, समईत तेल कोणते, ते तेल कोणत्या घाण्यावरचे, घाण्याचा बैल कोणत्या जातीचा, अशा पायऱ्या उतरत कादंबरीच्छू सहा महिन्यांनी गोवंशाच्या इतिहासाचा जाणकार होतो, आणि नायक अजून अंधारातच बसलेला असतो.

खाड्यांची थकबाकी कशी चढते हेही पाहण्यासारखे आहे. तीस दिवसांपैकी पहिले दहा कोरे गेले, तर उरलेल्या वीस दिवसांत रोज २,५०० शब्द लिहावे लागतात. म्हणजे दहा खाडे झाले की कोणालाही ट्रॉलप होणे भाग पडते. एकविसाव्या दिवशी जागे झालेल्यास रोज पाच हजार. अशा वेळी परदेशी महिन्याऐवजी चातुर्मासाचा आधार घेणारे काही व्यवहारी लोक आढळतात: आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत नेम धरावयाचा, आणि सुमारे तेहेतीस महिन्यांनी एकदा येणारा अधिक महिना नेमका या चार महिन्यांत पडला तर मुदत बिनबोभाट वाढवून घ्यावयाची. व्रतांच्या शास्त्रातील आणखी एक सोय म्हणजे उद्यापन, अर्थात व्रताची विधिपूर्वक सांगता. व्रत घेतलेल्याने ते कधीतरी संपवावे यासाठी योजलेल्या या विधीचा कादंबरीच्छूने लावलेला अर्थ असा दिसतो की मेहुण बोलावून पुरणपोळी वाढली की हस्तलिखित पुरे झाले असे समजावयास हरकत नाही.

येथवरच्या विवेचनावरून रोज लिहिणाऱ्याला समाज मान देतो असा कोणाचा ग्रह झाला असेल तर तो दूर केला पाहिजे. मराठी समीक्षेत ‘रतीब घालणे’ हा वाक्प्रचार निंदेसाठी राखून ठेवलेला आहे. अप्रकाशित मनुष्य रोज लिहितो तेव्हा ती साधना ठरते, आणि प्रकाशित मनुष्य तेच करतो तेव्हा तो रतीब ठरतो. बाबूराव अर्नाळकरांनी धनंजय, झुंजार आणि काळा पहाड यांना हाताशी धरून हजारावर रहस्यकथा लिहिल्या, दोन पिढ्यांना वाचनाचे वेड लावले, आणि वाङ्मयाच्या इतिहासांत त्यांच्या वाट्याला जागा आली ती जेमतेम. पहाटेचे चार अलार्म लावूनही दोन पाने न होणाऱ्यांनी हजार पुस्तकांचा हात हलका ठरवावा, यात मौज आहे.

हरिभाऊ आपट्यांचे उदाहरण या संदर्भात अधिक बोलके आहे. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांनी लिहिली ती आठवड्याच्या हप्त्यांनी, १८९० मध्ये स्वतःच काढलेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकात. आनंदाश्रमाची व्यवस्था आणि पुढे नगरपालिकेचा कारभार सांभाळणाऱ्या या गृहस्थांना लेखनाची सवय जडली होती की नव्हती, हा प्रश्नच गौण होता. कादंबरीची नायिका यमू हिचे पुढे काय झाले हे विचारणारा वाचक दर आठवड्यास दारात उभा होता, आणि छापखान्याचा खिळा जुळविणारा माणूस त्याच्याही पुढे. त्यांच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्याच, पण ज्या पुऱ्या झाल्या त्यांत या दारातल्या माणसांचा वाटा मोठा होता. दस्तयेवस्कीच्या दारात तर याहून भयंकर गिऱ्हाईक उभे होते. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी न दिल्यास पुढील नऊ वर्षे त्याचे लेखन फुकट छापण्याचा हक्क प्रकाशकास मिळेल, असा करार त्याने करून ठेवला होता, आणि ऑक्टोबर उजाडला तरी कागद कोरा होता. अखेर आन्ना स्नीतकिना ही वीस वर्षांची लघुलेखिका नेमून त्याने २६ दिवसांत ‘जुगारी’ सांगून पुरी केली. प्रकाशक मुद्दाम गावाबाहेर गेला असल्याने हस्तलिखित पोलीस ठाण्यात जमा करून पोच घेतली, आणि पुढल्या फेब्रुवारीत लघुलेखिकेशी लग्न केले. ज्या वाङ्मयप्रकाराविषयी प्रेरणा, अंतःस्फूर्ती, आतला आवाज असे शब्द सदैव वापरले जातात, त्यातील एक कृती पोलीस ठाण्याच्या पोचपावतीवर तरली, हे कोणत्याही लेखनकार्यशाळेत सांगितले जात नाही.

मराठी कादंबरीच्छूच्या दारात असा कोणी नसतो. त्याच्या भिंतीवर दिनदर्शिका असते. लिहिले त्या दिवशी तारखेवर फुली मारावी, फुल्यांची माळ तुटू देऊ नये, असा सल्ला त्याने कोठेतरी वाचलेला असतो आणि त्याप्रमाणे तो मनोभावे फुल्या मारू लागतो. परंतु त्याच दिनदर्शिकेवर, त्याच चौकटीत, घरातील गृहिणी कित्येक वर्षांपासून दुधाचा हिशेब ठेवीत आलेली असते, आणि तिच्या पद्धतीत फुलीचा अर्थ नेमका उलटा, म्हणजे खाडा, असा असतो. महिनाअखेरीस अकरा फुल्या मोजून अकरा दिवसांचे दूध वजा केले जाते, आणि रोजच्या लेखनाने संसारास झालेला हा पहिला आर्थिक लाभ कोणाच्या ध्यानात येण्यापूर्वीच दूधवाला हिशेबाला येतो. तो एकही दिवस चुकलेला नसतो. कोणती फुली दुधाची आणि कोणती कादंबरीची, हे ठरविण्यासाठी अखेर वही आणावी लागते, तारखा ताडून पहाव्या लागतात, आणि उंबरठ्यावर बसून दूधवाला पान उलटीत जातो तेव्हा त्या हस्तलिखिताचे पहिले काळजीपूर्वक वाचन घडते. हिशेब मिटतो, तो निघून जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बेल वाजते, पातेल्यात अर्धा लिटरचे माप ओतून झाल्यावर तो क्षणभर घुटमळतो आणि विचारतो, “साहेब, त्या पावसात अडकलेल्या बाईचं पुढं काय झालं?”